वार बघून निघालो : मेक्सिकोतली मडकी आणि बाजार

मंगळवार, मेक्सिको सिटी

मेक्सिकोत मातीची भांडी बघायला जायचं तर तारखांआधी वार बघावेत. मानववंशशास्त्राचं राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद, ओकोत्लानचा बाजार शुक्रवारी, त्लाकोलुलाचा रविवारी. आमची आखणी या वारांवर झाली. नवऱ्याला पिरॅमिड बघायचे होते, मला खापऱ्या. सकाळ त्याची आणि दुपार माझी असं ठरलं होतं, ते पहिल्याच दिवशी मोडलं.

संग्रहालयाची इमारत १९६४ची. मधल्या मोठ्या अंगणात एकाच खांबावर तोललेलं छत आहे आणि त्यावरून पाणी कोसळत असतं. अंगणाच्या कडेने एकेका संस्कृतीचं दालन. नवरा मेशिका, म्हणजे ॲझ्टेक लोकांच्या दालनातल्या सूर्यशिलेसमोर गर्दीत शिरला आणि मी त्याच दालनातल्या त्लातेलोल्को या त्यांच्या शहरातल्या बाजाराच्या प्रतिकृतीपाशी थांबले. बोटाएवढी माणसं माल मांडून बसली आहेत : मका, मिरच्या, कापड, टोपल्या, मडकी. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनापती कोर्तेसने १५२०मध्ये स्पेनच्या राजाला पाठवलेल्या पत्रात या बाजाराबद्दल लिहिलंय, की इथे रोज साठ हजारांवर माणसं देवघेव करतात. आकडा थोडा फुगवलेला असणार, कारण राजाला खूष करण्यात त्याचा स्वार्थ होता. पण पुढे तो मोठे रांजण, लहान सुरया, रंगवलेली भांडी अशी यादी देतो, आणि ती यादी खोटी लिहून त्याला काही मिळणार नव्हतं. त्याच्या सैन्यातला बेर्नाल दियासही सांगतो, की मातीच्या भांड्यांना बाजारात वेगळी जागा नेमून दिलेली होती. सम्राट मोक्तेसुमा जेवायचा तो चोलुलाच्या तांबड्या आणि काळ्या भांड्यांत, हेही त्याचंच निरीक्षण.

बाजारात सुटे पैसे म्हणून कोकोच्या बिया चालायच्या. स्पॅनिश आल्यानंतरची, १५४५ची त्लाश्कालातली एक भावयादी उरली आहे. तिच्यात तामालेला (मक्याच्या पिठाच्या, पानात उकडलेल्या गोळ्याला) एक बी, ताज्या तोडलेल्या अवाकाडोला तीन आणि टर्कीच्या मादीला शंभर भरीव बिया असा भाव आहे. म्हणजे अगदी किरकोळ खरेदीलाही चलन होतं आणि सामान्य घरातली बाई ते वापरत होती. साहागुन या पाद्र्याने सोळाव्या शतकात मेशिका लोकांकडून माहिती गोळा केली, तिच्यात तवे विकणाऱ्यावर स्वतंत्र नोंद आहे. चांगला विक्रेता नीट भाजलेला माल विकतो, वाईट विक्रेता कच्चा, तडकलेला, करपलेला. गिऱ्हाईक फसवलं जातं ही तक्रार लिहून ठेवण्याइतकी नेहमीची होती, हे वाचून मला बरं वाटलं.

आता खरा प्रश्न. ही भांडी जायची कशी? मेसोअमेरिकेत, म्हणजे मेक्सिको ते मध्य अमेरिका या जुन्या संस्कृतींच्या पट्ट्यात, ओझ्याचं जनावर नव्हतं. बैल, घोडा, गाढव सगळे नंतर स्पॅनिशांबरोबर आले. माल माणसाच्या पाठीवर जायचा आणि पाठीवरचा भार कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने पेलायचा. हमालाचं ओझं सुमारे तेवीस किलोचं आणि मजल पाच लीगची (लीग हे अंतराचं जुनं माप), असा हिशेब बेर्नाल दियास देतो. तेवीस किलोंत पाण्याचे रांजण किती मावणार? मेक्सिकोच्या खोऱ्यात मात्र सरोवर होतं, होडीतून जड मालही स्वस्तात हलायचा, म्हणून त्लातेलोल्कोला मडक्यांची एवढी रेलचेल. सरोवरापासून दूर गेलं की हिशेब बदलतो. लांबचा रस्ता झेपणारं भांडं हलकं असायला हवं, किंवा इतकं महागडं की पाठीवरचा खर्च निघून वर काही उरेल.

महागड्याचा नमुना मेशिकांच्या आधीच्या तोल्तेक लोकांच्या दालनात बघितला. कोयोटच्या उघड्या जबड्यातून दाढीवाल्या माणसाचा चेहरा डोकावतोय आणि वर शिंपल्याचे चकचकीत तुकडे चिकटवले आहेत. हे तोल्तेकांच्या तुला नावाच्या राजधानीत सापडलं. आतलं भांडं प्लंबेट प्रकारचं. साधारण इसवी सन ९०० ते १२०० या काळात या भांड्यांना फार मागणी होती. राखाडी, चकाकणारी, शिशासारखी दिसणारी, पण त्यांत शिसं नाही. लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असलेल्या मातीचा लेप आणि हवा कोंडून भाजणं, यातून ती चकाकी येते. हेक्टर नेफ यांनी मातीचं रासायनिक विश्लेषण करून दाखवलं, की ही भांडी पॅसिफिक किनाऱ्यावर, आजच्या मेक्सिको-ग्वातेमाला सीमेजवळच्या भागात बनत होती. तिथून ती उत्तरेला तुलापर्यंत आणि युकातानातल्या चिचेन इत्सा या माया शहरापर्यंत गेली.

आखाती किनाऱ्याच्या दालनात मातीचा चाकांवरचा कुत्रा आहे. म्हणजे चाक ठाऊक होतं. तरी गाडा नव्हता, आणि कुंभाराचं फिरतं चाकही नव्हतं. मेसोअमेरिकेतलं एकूण एक मडकं हाताने, वळ्या रचून, साच्यावर थापून किंवा साच्यात दाबून घडवलेलं आहे. हे कळल्यावर पुढच्या दालनातल्या काचेसारख्या पातळ वाडग्याकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो.

बुधवार, तेओतिहुआकान

सकाळी लवकर निघालो, उन्हाआधी पोचलो. तेओतिहुआकान हे मेशिकांच्या कितीतरी आधीचं, ओस पडलेलं शहर. नवऱ्याला सूर्य पिरॅमिडवर चढायचं होतं, पण वर जाऊ देत नाहीत, त्यामुळे तो खालून फोटो काढत राहिला. मी मृतांच्या वाटेने सिउदादेलाकडे वळले. या चौकाच्या उत्तरेला, भिंतीला लागून, पुरातत्त्वज्ञांना एक कारखाना सापडला. तिथे धूपदाण्या सजवण्यासाठी साच्यातून फुलं, पंख, ढाली, फुलपाखरं काढली जायची. साचे आणि साच्यातला माल दोन्ही तिथेच सापडले. सत्ताकेंद्राच्या भिंतीला टेकून चाललेलं काम म्हणजे मालकी आणि देखरेख वरचीच असणार, असं मानायला जागा आहे.

पण हे शहर एक लाखाच्या घरात लोकवस्तीचं, आणि लाखभर लोक धूपदाणीत जेवत नाहीत. त्यांची हंडी आणि रांजण दुसरीकडे बनत होते. दक्षिणेच्या कडेला त्लाहिंगा नावाची वस्ती आहे. ती पर्यटकांच्या वाटेवर नाही. तिथल्या ३३ क्रमांकाच्या वाड्याचं उत्खनन १९८०च्या सुमारास झालं. बाहेरून भिंतबंद, आत अंगणाभोवती अनेक कुटुंबं, असे वाडे या शहरात सगळीकडे होते. या वाड्यातले लोक आधी दगडाचं आणि शिंपल्याचं बारीक काम करत आणि पुढे कुंभारकामाकडे वळले. सान मार्तिन नारिंगी नावाने ओळखली जाणारी रोजच्या वापरातली भांडी, म्हणजे शिजवायच्या मोठ्या हंड्या आणि पाण्याचे रांजण, ते बनवायचे. राजाचा मुकादम इथे बसलेला दिसत नाही. घरातल्याच लोकांनी घरातच चालवलेला धंदा होता तो. रेबेका स्टोरी यांनी तिथल्या हाडांचा अभ्यास केला, त्यातून बालमृत्यू किती होते ते कळतं. पिरॅमिडच्या सावलीत राहणाऱ्यांचं आयुष्य सुखाचं नव्हतं.

दुपारी स्थळ-संग्रहालयात काचेच्या जमिनीखाली अख्ख्या शहराची प्रतिकृती बघितली. तिथे मला हवं ते कपाट सापडलं : पातळ नारिंगी भांडी. अर्धगोल वाडगा, खाली कड्यासारखं बूड, जाडी इतकी कमी की हाताने घडवलंय यावर विश्वास बसत नाही. तेओतिहुआकानची ओळख म्हणून हे भांडं शंभर पुस्तकांत छापलं जातं, आणि ते तेओतिहुआकानचं नाहीच. मातीतल्या खडकाच्या कणांवरून संशोधकांनी माग काढला आणि एव्हलिन रॅट्रे यांनी १९९०च्या सुमारास बनवायच्या जागा दाखवून दिल्या. त्या दक्षिण पुएब्लात, तेपेशी दे रोद्रिगेसच्या बाजूला आहेत. सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर, डोंगरातून चालत त्याहून पुष्कळ जास्त. वाडगे हलके आणि एकात एक बसणारे, म्हणजे पाठीवरच्या टोपलीसाठीच जणू घडवलेले. तेओतिहुआकानच्या व्यापाऱ्यांनी तेच पुढे ग्वातेमालातल्या कमिनालहुयूच्या थडग्यांपर्यंत पोचवले. दुसऱ्याचा माल स्वतःच्या नावावर खपवणं हे मोठ्या शहरांना तेव्हाही जमत होतं.

शहराच्या पश्चिम कडेला दक्षिणेकडच्या वाहाकाच्या खोऱ्यातून आलेल्या सापोतेक लोकांची एक वस्ती होती. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहूनही ते स्थानिक मातीत आपल्याकडच्या घाटाची राखाडी भांडी बनवत राहिले. उद्या आम्ही त्यांच्या गावी निघणार होतो.

गुरुवार, वाहाकाची बस

दिवसभर बस. पुएब्ला गेलं, मग निवडुंगांचे डोंगर सुरू झाले. मधे कुठेतरी उजवीकडच्या टेकड्यांपलीकडे ते नारिंगी वाडग्यांचं गाव असावं असा अंदाज करत खिडकीत बसले. नवरा झोपला.

वेळ घालवायला २००५ सालचं एक भांडण वाचलं. विषय आखाती किनाऱ्यावरच्या ओल्मेक लोकांचा, म्हणजे इसवी सनापूर्वी बाराशेच्या आसपासचा. नेफ, ब्लॉम्स्टर आणि ग्लॅसकॉक यांनी ७२५ खापऱ्यांचं अणुभट्टीत विश्लेषण करून मांडलं, की ओल्मेक नक्षीची भांडी सान लोरेन्सो या ओल्मेक शहराहून बाहेर जात होती, पण सान लोरेन्सोत बाहेरची येत नव्हती. म्हणजे एकतर्फी वाहतूक, मोठ्याने द्यायचं आणि धाकट्याने घ्यायचं. काही महिन्यांत स्टॉल्टमन, मार्कस, फ्लॅनरी आणि मंडळींनी त्याच प्रश्नाला दुसऱ्या वाटेने हात घातला. खापरीचा पातळ काप काढून भिंगाखाली खडकाचे कण बघितले आणि सान लोरेन्सोत वाहाकाच्या मातीची भांडी आलेली दाखवली. मला हे दुसरं पटतं. ज्या मुलखात माल माणूस पाठीवर वाहतो, तिथे परतीच्या वाटेवर तो रिकाम्या टोपलीने का येईल? पण हा तर्क झाला. पुरावा त्यांच्या भिंगाखाली आहे आणि त्या भिंगावरून दोन्ही बाजू बरीच वर्षं एकमेकांना टाकून बोलत आल्या.

शुक्रवार, कोयोतेपेक आणि ओकोत्लान

सान बार्तोलो कोयोतेपेक वाहाका शहराच्या दक्षिणेला, ओकोत्लानच्या रस्त्यावरच. काळ्या, आरशासारख्या लकाकणाऱ्या भांड्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे आणि प्रत्येक दुकानात तीच मांडलेली. ही लकाकी जुनी नाही. दोन्या रोसा या कुंभार बाईंनी विसाव्या शतकाच्या मध्यावर भांडं भाजण्याआधी गारगोटीने घोटून ती आणली. १९८०मध्ये त्या वारल्या. त्याआधी इथली भांडी मंद राखाडी असायची आणि त्यांतून मेस्कालची, म्हणजे घायपाताच्या दारूची वाहतूक व्हायची. घोटलेलं भांडं कमी आचेवर भाजतात, नाहीतर लकाकी जाते, आणि त्यामुळे त्यात पाणी टिकत नाही. दिवाणखान्यात ठेवायचं मडकं झालं ते. खरं सांगायचं तर मला राखाडीच आवडली.

एका अंगणात काम बघायला बसलो. जमिनीवर एक बशी उपडी, तिच्या पाठीवर दुसरी सुलटी, आणि वरच्या बशीत मातीचा गोळा. कुंभार डाव्या हाताने बशी फिरवतो, उजव्या हाताने भिंत वर चढवतो. आस नाही, खुंटी नाही, पाय मारायचं चाक नाही. थोडा वेग आला की भांड्याचा काठ इतका गोल येतो की चाकावरचं समजावं. भट्टी जमिनीत आहे. शेवटी तोंड चिखलाने लिंपून धूर आत कोंडतात, त्यानेच माती काळी होते. मोंते अल्बान या सापोतेकांच्या जुन्या राजधानीतल्या राखाडी भांड्यांमागेही हवा कोंडण्याचीच युक्ती होती.

पुढे ओकोत्लानचा शुक्रवारचा बाजार. टोमॅटो, जिवंत कोंबड्या, प्लॅस्टिकच्या बादल्या. मडकी एका कोपऱ्यात, बादल्यांच्या तुलनेत थोडी. जेवणाला उशीर झाल्याने नवऱ्याने तोंड पाडलं होतं, म्हणून एहुत्लापर्यंत गेलो नाही. ते याच रस्त्यावर आणखी पुढे आहे आणि खरं तर माझ्या सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. गॅरी फाइनमन आणि लिंडा निकोलस यांनी तिथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एक घर खणलं. त्याच घरात समुद्राच्या शिंपल्यांचे दागिने, मातीच्या मूर्ती आणि भांडी बनत होती. भाजण्याचे खड्डे, बिघडलेला माल, सगळं अंगणात. माल घराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे बाजारासाठीच. फाइनमन यांचं म्हणणं असं, की मोठं उत्पादन म्हणजे मोठा कारखाना, ही आपली समजूत मेसोअमेरिकेला लागू नाही. घरं हेच कारखाने होते. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन कसब एकत्र नांदत. जुन्या पुस्तकांत राजा कर घेतो, राजा कोठार भरतो, राजा वाटतो असंच चित्र असायचं. गेली काही दशकं घरं खणायला लागल्यापासून ते चित्र बदललं.

मोरेलोसमध्ये मायकल स्मिथ यांनी कापिल्को आणि कुएश्कोमाते या खेड्यांतली घरं खणली, तिथेही हेच. साध्या शेतकऱ्याच्या घरात मेक्सिकोच्या खोऱ्यातली, नारिंगीवर काळ्या रेघांची भांडी निघाली. सरदारांच्या घरांत ती जास्त असतील, पण गरिबांच्या घरातही होतीच. राजाने वाटून ती तिथे जाणार नाहीत. बाजारातून घेतली.

शनिवार, मोंते अल्बान आणि अत्सोम्पा

आज नवऱ्याचा दिवस. दरीपासून चारशे मीटर वर डोंगरमाथा सपाट करून सुमारे ३०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद चौक केलेला. मी नुसती उभी राहिले. त्याने खूप फोटो काढले.

मोंते अल्बान इसवी सनापूर्वी पाचशेच्या सुमारास वसलं. त्याच काळात वाहाकाच्या खोऱ्यात पहिल्यांदा मातीचे तवे दिसू लागतात. कोमाल म्हणतात त्याला : उथळ, बिनकाठाचा, आपल्याकडच्या भाकरीच्या खापराचा भाऊ शोभेल असा. त्याआधी मका खात होते, पण शिजवून, पेज करून किंवा तामाले करून. तव्यावरची तोर्तिया कोरडी, घडी करून नेता येणारी. डोंगरावर दगड वाहायला, दूरच्या शेतात राबायला जाणाऱ्या माणसाला तीच सोयीची. नवं शहर आणि नवा तवा एकत्र आले, हा योगायोग नव्हे असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मलाही. चौकातल्या कोरीव शिळांवर राजे आणि मारलेले शत्रू आहेत, तवा कुठेच नाही, पण शहर उभं राहिलं ते त्या तव्यावरच्या जेवणावर.

अल्फोन्सो कासो यांनी इथे १९३२मध्ये सातव्या थडग्यातलं सोनं काढलं आणि जगभर नाव झालं. त्यांचं दुसरं काम कमी चमकदार, माझ्या मते जास्त मोलाचं : सहकाऱ्यांबरोबर खापऱ्यांची राखाडी, क्रीम, तपकिरी, पिवळी अशी वर्गवारी. ती आजही चालते. उतारांवर लोक दोन हजारांवर पायऱ्या पाडून घरं बांधून राहत. घरांजवळ उभ्या भट्ट्याही सापडल्या आहेत. म्हणजे राजधानीतही कुंभार घरीच.

क्रीम रंगाची माती शेजारच्या अत्सोम्पाची. तिथल्या टेकडीवर मोंते अल्बानचंच उपनगर होतं, ते २०१२पासून लोकांना बघायला खुलं आहे. चेंडूच्या खेळाचं मोठं मैदान, वाडे, आणि एका जागी जुनी भट्टी. खाली गावातले कुंभार आजही तशीच भट्टी वापरतात. गावातली हिरवी झिलई मात्र स्पॅनिशांनी आणलेली, शिशाची. तिच्यामुळे जेवणात शिसं उतरतं, म्हणून आता बिनशिशाची झिलई वापरणारे कुंभार तशी खूण करून विकतात. आम्ही विचारून घेतलं.

रविवार, त्लाकोलुला आणि त्लापासोला

१९४०-४१मध्ये मालिनोव्स्की आणि हुलिओ दे ला फुएन्ते या मानववंशशास्त्रज्ञांनी वाहाकाच्या आठवडी बाजारांचा अभ्यास केला. एक गाव माती घडवतं, दुसरं घोंगड्या विणतं, तिसरं जात्याचे दगड घडवतं, आणि वारांच्या चक्रात सगळे भेटतात. सगळं जसंच्या तसं दोन हजार वर्षं चाललंय असं म्हणणं धाडसाचं ठरेल, कारण स्पॅनिशांनी बरंच उलटंपालटं केलं. पण गावागणिक एक कसब आणि त्यांना जोडणारा बाजार, ही मांडणी पुरातत्त्वज्ञांना जमिनीतही दिसते.

त्लाकोलुलाचा बाजार रस्तोरस्ती पसरलेला. भाजलेल्या बोकडाचा वास, चर्चबाहेर फुलं. सान मार्कोस त्लापासोलाच्या बायका लाल भांडी घेऊन ओळीने बसल्या होत्या, अंगावर चुणीदार रंगीत कपडे, आपसात सापोतेक बोलत होत्या. गिऱ्हाईक बाई तवा उचलते, बोटाच्या पेराने ठोकते, आवाज ऐकते आणि ठेवून देते. दुसरा उचलते. तिथे अर्धा तास गेला तरी भाव ठरत नव्हता, तव्यांची पारख चालू होती. नवऱ्याने बोकड खाल्ला आणि तो खूष झाला.

दुपारी गाडी करून त्यांच्या गावी गेलो. एका घरात सासू, सून आणि नात काम करत होत्या. गावात मातीकाम बायकांचं. माती डोंगरातून गाढवावर येते, ती कुटून, भिजवून, वाळू मिसळून मळतात. खाली बशी, वर गोळा, आणि हातात मक्याचं रिकामं कणीस. कणसाने भिंत वर ओढायची, भोपळ्याच्या तुकड्याने आतून गुळगुळीत करायची, काठावर चामड्याची ओली पट्टी फिरवायची. मग लाल मातीचा लेप आणि गारगोटीने घोटणं. भट्टी नाही. उघड्या अंगणात लाकडं आणि घायपाताच्या वाळक्या काड्या रचून भाजतात. पावसाळ्यात भाजणं थांबतं.

तवा आणि नक्षीचा वाडगा शेजारी ठेवून मी भाव विचारला. वाडग्याचे जास्त, अर्थात. पण पैसे कशातून जास्त मिळतात, यावर सासूबाई हसल्या. वाडगा पाहुणा आला तर विकला जातो. तवा दर रविवारी जातो, कारण तो फुटतो. सून म्हणाली, दुकानदार वाडगे घेतात पण पैसे महिन्याने देतात.

आम्ही तवा घेतला. त्यांनी तो जुन्या वर्तमानपत्रांत आणि मक्याच्या पानांत बांधून दिला आणि बजावलं, की पहिल्यांदा चुलीवर चढवण्याआधी त्यावर चुन्याचं पाणी फिरवायचं, म्हणजे पीठ चिकटत नाही. मग पुन्हा अधूनमधून. तुमच्याकडे चुना मिळतो का, असं नातीने विचारलं. पुण्यात तो पानवाल्याकडे मिळतो, हे मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगण्यात बराच वेळ गेला, कारण मधे विड्याचं पान म्हणजे काय हेही सांगावं लागलं. शेवटी नवऱ्याने पान लावून, घडी घालून, तोंडात टाकून आणि लाल पिंक टाकल्याचं नाटक करून दाखवलं. तिघी पोट धरून हसल्या, आणि सासूबाईंनी त्याला अजून एकदा करायला लावलं.